चाचांच्या बुटातली टाच

चहाच्या टपरीवर उभं राहून मी आजवर जी वचनं दिली, त्यांची पोतंभर रद्दी निघेल. त्यातलं एकच अंगाशी आलं.

आमच्या खोलीच्या खाली कापड विणायचे लूम चालतात. तिथले मिस्त्री माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते. जुन्या अपघातात त्यांचा डावा पाय थोडा आखूड झाला. बुटात चिंध्यांची घडी घालून ते अख्खी शिफ्ट उभ्यानं काढत. दुपारपर्यंत घडी दबून सपाट होई आणि चाचा लूमला टेकत. शेठनी ते पाहिलं आणि पुढच्या महिन्यापासून कशेळीच्या गोदामात, गेटवर बसायची ड्युटी देऊ केली.

"तिथं बसून काय करू? ट्रकचे नंबर लिहू?" चाचा टपरीवर म्हणाले. "सगळी उमर लूमसमोर उभा हाय मी."

मी ग्लास खाली ठेवला, नाटकातल्या राजासारखा हात उंचावला आणि जाहीर केलं, "चाचा, तुमची टाच मी छापतो! रबरासारखी मऊ!"

"टाच हाय रे ती, लग्नाची पत्रिका न्हाय."

टपरी हसली. मीही हसलो आणि घरी येऊन घाबरलो.

माझ्याकडे टेबलावर मावणारा थ्रीडी प्रिंटर आहे. प्लॅस्टिकची तार वितळवून, थरावर थर घालत तो वस्तू बनवतो. तार ढकलणारी मोटर मशीनच्या चौकटीवर होती आणि तिथून तार हातभर नळीतून, ती वितळवणाऱ्या सरकत्या डोक्यापर्यंत जायची. कडक तार मुकाट्यानं जाई. मऊ तार नळीत शेवयांसारखी गुंता होऊन बसे. उपाय माहीत होता. मोटर थेट डोक्यावर बसवायची, म्हणजे तारेला वाकायला जागाच राहत नाही.

मी समारंभपूर्वक मशीन उघडलं, भाग वर्तमानपत्रावर मांडले आणि मग लक्षात आलं, की मोटर जिच्यावर बसवायची ती पट्टी याच मशीनवर छापायची होती.

बायको म्हणाली, "अहो, हात काढून ठेवलेत. आता शिवणार कशानं?"

हार मानणं माझ्या स्वभावात नाही. वर्कशॉपमधून जाड लोखंडी पट्टी वाकवून आणली आणि तिच्यावर जुनी दणकट मोटर चढवली. ते डोकं भीमाच्या गदेसारखं दिसत होतं. मी खूश. मशीन चालू केल्यावर डोकं उजवीकडे धावलं ते थांबायचं तिथं थांबेना. टेबल गदगदू लागलं. टाचेच्या कडेला लाटा उठल्या आणि निम्म्यावर आल्यावर थर घसरले. टाचेच्या जागी कलती पायरी तयार झाली.

टक-धप, टक-धप करत चाचा लोखंडी जिना चढून आले. पायरी उलटीसुलटी करून पाहिली. डोकं सोडवायला लावलं आणि तळहातावर जोखलं.

"हा धोटा न्हाय, वरवंटा हाय." धोटा म्हणजे लूममध्ये आडवा धागा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो तो.

"मजबूत आहे, चाचा."

"मजबुती चौकटीला दे. ती उभी राहते. जे येजा करतं ते हलकं पायजे. असला जड धोटा लूममध्ये टाकला तर दुसऱ्या टोकाची पेटी फोडून बाहेर येईल."

मी नळी परत लावली, मशीन जुन्या रूपात आणलं आणि कडक प्लॅस्टिकची पट्टी छापली. पापडासारखी चपटी मोटर मागवली. लूम शुक्रवारी बंद असतात. चाचांनी सुट्टीचे दोन शुक्रवार माझ्या टेबलाशी घालवले. एकेक भाग उचलून ते साक्षीदाराला विचारावं तसं विचारत, "ह्याचं काम काय?" उत्तर न देणारा स्क्रू डब्यात जाई. पट्टीला भोकं पडली, लांब स्क्रू आखूड झाले. डोक्यावर लावायला मी हौसेनं सिंहाच्या तोंडाचं झाकण छापलं होतं.

"ह्याचं काम काय?"

"शोभा."

"डब्यात."

शेवटी त्यांनी एका हातात लोखंडी डोकं धरलं आणि दुसऱ्या हातात नवं. समाधान त्यांच्या तोंडावर दिसलं नाही, पण नवं ते बराच वेळ खाली ठेवीनात.

महिन्यातला शेवटचा शुक्रवार होता. मऊ तार सरळ आत गेली. थर बसत गेले आणि लाटा उठल्या नाहीत. चाचांनी टाच बुटात घातली आणि दारापर्यंत चालून आले.

"एक सूत उंच हाय."

तेवढी कमी करून पुन्हा छापली. ती घालून ते गेले. सोमवारी पहिली तारीख होती. तेव्हापासून गेट, की लूम, हे शेठ शनिवारची शिफ्ट पाहून ठरवणार होते.

शनिवारी संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. सारखी, एका मापाची. ओळखीची वाटेनात, म्हणून मी आतून ओरडलो, "कोण आहे?"

"वॉचमन! गाडीचा नंबर बोला!"

दारात चाचा होते, हात कोपरापर्यंत तेलानं काळे. बायकोनं चहा आणला. मी खुर्ची पुढे केली.

"बसा."

"बसायचं काम शेठनं दुसऱ्याला दिलं," म्हणत त्यांनी उभ्यानंच दोन कप संपवले. निघताना डब्याकडे बोट दाखवलं. "तो सिंह दे. खाली स्विचबोर्डावर लावतो. तिथं त्याला हलायचं न्हाय."