वीणा टेकवली तेव्हा

आमच्या गुरूंच्या, बुवांच्या समाधीवर माती पडते न पडते तोच आप्पांनी माझा अंबाडा धरला आणि मला मठाच्या अंगणात ओढत आणलं. सगळ्या गावासमोर. माझ्या गळ्यात वीणा होती. ती जमिनीला लागू नये म्हणून दोन्ही हातांनी वर धरली, त्यामुळे तोंड वाचवायला हात उरला नाही. ओठ फाटला.

आप्पा गावचे जमीनदार. मठाची जागा त्यांची. त्यांच्या मागे बुवांचा मुलगा, आदल्या दिवशी मुंबईहून आलेला, नव्या धोतरात. जन्मात कधी भजनाला बसला नाही. त्याला गादीवर बसवायचं ठरलं होतं.

मी वरच्या धनगरवाडीची. आमच्या पंथात वीणा ज्याच्या गळ्यात, गादी त्याची. ती घेताना आधी देणाऱ्याच्या पाया पडायचं, मग त्यानं आपल्या. वीणा खाली टेकवायची नाही, कधीच नाही. आजारपणात बुवांनी ती स्वतः माझ्या गळ्यात घातली आणि ते माझ्या पाया पडले. आप्पांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

"वीणा दे गो," आप्पा म्हणाले.

"देते की. आधी रीत करू दे त्यांना."

मुलगा हसला. "हिच्या पाया पडू? ए, ड्रामा बंद कर."

"बुवा पडले व्हते."

"डोकं ठिकाणावर नाय व्हतं त्यांचं," आप्पा म्हणाले. "शेण काढणारीच्या पाया कोण पडतो?"

ज्याच्या नावानं गादी मागायची, त्यालाच वेडा ठरवून मोकळे! माझं डोकं भणाणलं. तेवढ्यात मुलानं कमरेत लाथ घातली. मी पाठीवर पडले, वीणा छातीवर. मग दोघं माझी बोटं सोडवायला लागले. एकेक करून. करंगळी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तार तुटून मुलाच्या तळव्यात रुतली, तो किंचाळला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

टाळकरी भिंतीला टेकून उभे. इतकी वर्षं बरोबर गाणारे. माझी सख्खी नणंद म्हणाली, "वैनी, तूच पड ना गो त्यांच्या पाया. मिटंल सगळं."

तूच पड. मी पडतच तर आले होते! सासरी, मठात, आप्पांच्या ओटीवर. आणि बुवा? एकदा माझ्या पाया पडले त्याचं मला एवढं अप्रूप, की मठाचं शेण वर्षानुवर्षं मीच का काढते, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. तोंडात रक्त आलं तेव्हा हे कळलं.

मुलाच्या मनगटाला कडकडून चावले. हात सुटला. उठले. गळ्यातली वीणा काढली आणि माझ्या पावलांपुढे मातीत ठेवली.

"अगो, टेकवली!" बायका ओरडल्या.

"घ्या," मी म्हटलं. "आता वाकावंच लागंल."

मुलानं इकडेतिकडे पाहिलं. दुसरं कुणी पुढे येईना. शेवटी वाकला, उचलली.

गादीवर आता तोच बसतो. मी मठाची पायरी चढत नाही. महाडच्या दवाखान्यात हाताला प्लास्टर घालून घेतलं आणि तिथूनच पोलिसांत तक्रार केली. आप्पांचा माणूस रोज वाडीवर येतो. मिटवून टाक म्हणतो. साक्षीला कुणी नाही, नणंदसुद्धा नाही. नसू दे. मला गादी नको, पंथ नको, माफीही नको. कोर्टात मी एकटी उभी राहीन, दोघांची नावं घेईन आणि माझं बोट कसं मोडलं ते मोठ्यानं सांगेन.