मावसबहिणीनं वश केलेला नवरा

प्रेम म्हटलं की मला हल्ली शिसारी येते. उल्हासनगरच्या कॉलेजात मी ग्रीक शोकांतिका शिकवते. त्यातले बाया-पुरुष प्रेमापायी घरंदारं बेचिराख करतात आणि वर देवांना बोल लावतात. मुलं म्हणतात, "मॅडम, ये तो ज्यादा हो गया. असं कोण करतं?" कोण करतं! बुवापाड्यात जा म्हणावं.

तिथं माझी मावसबहीण राहते. नवरा इथंच उल्हासनगरात, कॅम्प तीनला, जीन्सच्या कारखान्यात मशीनवर. तिथल्याच धागे कापणाऱ्या एका बाईच्या नादी लागला. मग हिनं काय करावं? भांडावं, माझ्याकडे निघून यावं, सोडावा मेल्याला. पण नाही. बाईसाहेब बदलापूरच्या पुढे कुठल्याशा बाबाकडे गेल्या आणि नवरा वश करायची पुडी घेऊन आल्या. काळपट भुकटी. रोज चिमूटभर कालवणात टाकायची आणि त्याला कळू द्यायचं नाही. कळलं तर तो कायमचा उलटेल, असं बाबानं बजावलेलं.

नवरा ओकायला लागला. अंग सुजलं, लघवी बंद झाली. दवाखान्यातला डॉक्टर विचारून विचारून थकला, काय खाल्लं होतं म्हणून. ही तोंडाला पदर लावून गप्प. मी तिला जिन्यात गाठलं तेव्हा तिनं सगळं ओकलं आणि माझे पाय धरले. "ताई, सांगू नको गं. कळलं तर सोडून जातील मला."

"अगं भवाने, मरतोय तो!"

"मेले तरी माझेच राहतील ना."

किळस आली मला. सख्ख्या मावशीची लेक, लहानपणी कडेवर घेऊन फिरवलेली, पण त्या क्षणी तिचा हात अंगाला नको वाटला. मी पाय सोडवले आणि तडक जाऊन डॉक्टरला सांगितलं.

जीव वाचला, पण किडन्या गेल्या त्या गेल्याच. आता जन्मभर डायलिसिस. मला वाटलं, सगळं कळल्यावर हा आता तिला चपलेनं हाणेल, नाहीतर पोलिसात देईल. भेटायला गेले तर हा सुजलेल्या तोंडानं शेजारच्या खाटेवरच्या माणसाला कौतुकानं सांगतोय, "बायकोचा जीव आहे हो माझ्यावर, म्हणून केलं तिनं. दुसऱ्या कुणाची करेल एवढं?" आणि ही चक्क लाजली!

मला तिथं उभं राहवेना. पर्स उचलून निघाले, तर ती दारापर्यंत सोडायला आली.

"तू उगाच बाबाला शिव्या घालतेस, ताई," ती हळूच म्हणाली. "गुण आला की. आता कुठ्ठे जात नाहीत ते."