सासूबाईंचा सातवा भाग

लग्न होऊन मी नांदेडहून लातूरला आले, तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नवऱ्याला नव्या कचेरीत कारकुनाची नोकरी लागली होती. भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई राहायचो. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. उदगीरकडच्या सरकारी दवाखान्यात आयुष्यभर नर्स म्हणून राबून त्या नुकत्याच रिटायर झाल्या होत्या.

लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. गल्लीत टँकर यायचा, पण केव्हा ते कुणालाच ठाऊक नसायचं. बायका घागरी मांडून उन्हात ताटकळायच्या. आत्याबाई उपड्या बादलीवर बसून, पदर कपाळापर्यंत ओढून पुस्तक वाचायच्या.

त्यांना ऐतिहासिक कादंबऱ्या लागायच्या, त्याही भागांवर भाग असलेल्या. जवळच्या वाचनालयातल्या सगळ्या त्यांनी संपवल्या. एकदा मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "तू शिकलेली हायेस. काहीतरी सांग की वाचायला. पण लांबलचक पायजे. एका बैठकीत संपलं की मला करमत न्हाई."

नांदेडच्या वाचनालयात मी एक अद्भुत कादंबरी वाचली होती. सात भागांची. एका राज्यातली नदी अचानक जमिनीखाली निघून जाते आणि कुंभाराची लेक तिला शोधायला पाताळात उतरते. सहा भाग वाचून झाले आणि माझं लग्न ठरलं, सातवा राहूनच गेला. मी ती सांगितली.

"जादूबिदू हाय का त्यात?"

"आहे."

"मग ऱ्हाऊ दे. पोराटोरांचं असतंय ते."

तरी पुढच्या खेपेला माहेरून मी वडिलांच्या कार्डावर पहिला भाग आणला आणि काही न बोलता त्यांच्या उशाशी ठेवला. दोन दिवस त्यांनी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी टँकर आला, बायकांची झुंबड उडाली, शेजारीण ओरडली, "ओ बाई, घागर भरा की!" तरी आत्याबाईंनी मान वर केली नाही. पाणी मीच भरलं. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "ती पोरगी खाली उतरली खरी, पण वर येणार कशी?"

"ते दुसऱ्या भागात."

"मग आण की."

"आता माहेरी जाईन तेव्हा."

आठवडाभरात म्हणाल्या, "आईची लई आठवण येत असंल तुला. चार दिस जाऊन ये."

मग दर महिन्याला माझी माहेरवारी सुरू झाली. लोहा, अहमदपूर करत एस.टी. लातूरला पोचायची, तेव्हा पिशवीत पुढचा भाग असायचा. गल्लीतल्या सुना माझा हेवा करायच्या. सासू स्वतःहून माहेरी धाडते म्हणजे काय! खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही.

बदल्यात त्यांनीही मला त्यांच्या आवडीची एक पाचभागी ऐतिहासिक कादंबरी दिली. मी पन्नासेक पानांत वैतागले. म्हटलं, "आत्याबाई, सगळे सरदार आणि राण्याच आहेत. आपली माणसं कुठंच नाहीत. आपले आजे-पणजे तेव्हा नव्हते का?"

त्या हसल्या नाहीत. चष्मा काढून म्हणाल्या, "हायेत की. मी तेच हुडकत वाचते. एवढे घोडे निघाले लढाईला, मग चारा कुणी कापला? वेशीवर रातभर राखण कोण करत व्हतं? लिहिणारा एका ओळीत उरकतो. तिथं मी थांबते. बाकीचं मनात वाचते."

तशी वाचायला लागले, तेव्हा ते पाचही भाग मला पुरले नाहीत.

सातव्या भागाला मात्र अडचण आली. त्याची बांधणी सुटली होती, पानं निसटत होती. वाचनालयातले गृहस्थ म्हणाले, इथं बसून वाचा, घरी मिळणार नाही. हे मी लातूरला येऊन सांगितलं, तेव्हा आत्याबाईंचा चेहरा उतरला. जेवून हात धुऊन आल्यावर म्हणाल्या, "मीच येते."

विहीणबाई पहिल्यांदाच मुक्कामाला येणार म्हणून माझ्या आईची धांदल उडाली. पुरण शिजलं, लुगडं आणलं, अर्धापूरहून केळीचा अख्खा घड आला. नांदेडात गोदावरीच्या कृपेनं अजून नळाला पाणी होतं. आत्याबाईंनी आल्या आल्या डोक्यावरून न्हाऊन घेतलं आणि ओल्या केसांनीच विचारलं, "वाचनालय कितीला उघडतंय?"

आईला राग आला. "मी पुरण घातलं आणि ह्यांचं चित्त पुस्तकात!" असं ती स्वयंपाकघरात पुटपुटली.

तीन दिवस आत्याबाई पेपर वाचणाऱ्या पुरुषांमध्ये एकट्याच बसल्या. शेवटच्या दिवशी मी न्यायला गेले, तर पुस्तक मिटून बसल्या होत्या. डोळे लाल.

"काय झालं शेवटी?"

"सांगायची न्हाई. तू वाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परतणार होत्या. चहा देताना आईनं जरा फणकाऱ्यानंच विचारलं, "एवढं काय होतं हो त्यात, विहीणबाई?"

आत्याबाईंनी कप खाली ठेवला आणि पहिल्या भागापासून सांगायला सुरुवात केली. आई आधी उभी होती, मग पाट ओढून बसली. "पण तिच्या आईनं तिला जाऊ कसं दिलं?" तिनं मध्येच विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "बरोबर इचारलंत. ते तिसऱ्यात येतंय." ते ऐकता ऐकता एस.टी. निघून गेली. आई म्हणाली, "जाऊ द्या, उद्या जा." आणि मग दोघींनी मिळून पुन्हा शिजवलेलं पुरण संपवलं.

आईनं आयुष्यात कादंबरी वाचली नव्हती. त्या आठवड्यात तिनं वडिलांना पहिला भाग आणायला लावला.

पुढं कितीतरी वर्षं नात्यातल्या लग्नांत त्या दोघी मांडवाच्या कोपऱ्यात डोकं जोडून तावातावानं बोलायच्या. पाहुण्यांना वाटायचं, मानपानावरून जुंपली. मी जवळ गेले की आईचं ऐकू यायचं, "त्या कुंभाराच्या लेकीनं पाताळातून परत यायला नको होतं, विहीणबाई."

"असं कसं? तहानलेलं गाव सोडून ऱ्हायली असती व्हय?"