घराला पुढचं दार होतं

आमच्या घराला पुढचं दार होतं. रस्त्यावर उघडणारं, चांगलं रुंद, पितळी कड्यांचं. पण मी आठ वर्षांची होईस्तोवर ते कधी उघडलेलं पाहिलंच नव्हतं. आम्ही मागच्या बोळातून ये-जा करायचो. बोळ तरी कसला, दोन गोठ्यांच्या मधली फट. अप्पांचं तट्टू आत यायला लागलं की आम्ही भावंडांनी भिंतीला पाठ लावून पोट आत ओढून घ्यायचं, तेव्हा ते जायचं.

पुढचं दार, त्याच्या बाहेरचा ओटा आणि लगतची दुकानाची खोली, एवढं गहाण होतं. मी पाळण्यात असताना अप्पांना मुदतीचा ताप आला. महिना-दीड महिना ते अंथरुणाला खिळले. दुकान मिठा-मिरचीचं, गुळा-हळदीचं. ते बसलं, औषधपाणी वाढलं, आणि तालुक्याच्या सावकाराकडून रुपये उचलावे लागले. सावकार काही वाईट नव्हता हो. व्याज लावलं न्हाय त्यानं. व्याजाच्या बदल्यात खोली वापरायला घेतली, पुढच्या दाराला आतून अडसर घातला आणि खोलीच्या बाजूच्या दारानं सरकी भरली. बोली अशी की रुपये एकदम आणून द्यायचे, हप्त्यानं न्हाय. आणि मुदतीत न फेडले तर खोली त्याची कायमची.

त्यात आणखी एक गंमत होती. आमचा मुलूख निजामाचा, हातात खेळायचा तो हाली रुपया. सावकाराचा कापसाचा व्यवहार सोलापूरकडं, इंग्रजी हद्दीत, म्हणून त्यानं दिले ते कलदार रुपये आणि परत घ्यायचे तेही कलदारच. हाली देऊन कलदार घ्यायचे तर वर बट्टा मोजावा लागायचा. हे अव्वाला ठाऊक होतं. बट्ट्याचे म्हणून ती वेगळे पैसे धरून चालायची.

अव्वा म्हणजे आमची आई. आम्ही लिंगायत, माहेर तिचं कानडी मुलखाला लागून, म्हणून आई न्हाय, अव्वा.

दुकानाच्या आणि घराच्या मधलं दार सावकाराच्या बाजूनं बंद. त्याला एक फट होती, नेमकी माझ्या डोळ्यापाशी. तिथं डोळा लावला की सरकीचा अंधारा ढीग दिसायचा आणि ढिगापल्याड पुढच्या दाराच्या दोन फळ्यांमधली उजेडाची उभी रेघ. रस्त्यानं कुणी आडवं आलं की रेघ विझायची, पुढं गेलं की पुन्हा पेटायची. आमच्याच घरावरून कोण गेलं ते मी असं ओळखायला शिकले. बैलगाडी असली की रेघ बराच वेळ विझून राहायची.

मग लढाईच्या दिवसांत आक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न ठरलं. उमरग्याच्या बाजूचं स्थळ, माणसं साधी. लग्न पुढच्या वैशाखात. त्या दिवशी अव्वानं भाकरी थापता थापता सांगून टाकलं, "माझी लेक बोळातनं जाणार न्हाय."

अप्पा म्हणाले, "अगं, मुदत हाय की अजून. दोन-तीन सालं हायत."

"मुदत सावकाराची हाय. लेक माझी हाय."

झालं. तिथून पुढं आमच्या घरात घरच जेवायला बसलं. हे अव्वाचंच बोलणं. भाकरी टोपलीत पडली की ती म्हणायची, "आधी घराचं पान." म्हणजे एक भाकरी कमी करायची आणि तेवढी ज्वारी राहिली असं धरायचं. भाजीला फोडणी न्हाय, तेल घरानं खाल्लं. दिवेलागणीच्या आधी जेवून घ्यायचं, रॉकेल घरानं प्यालं. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी भाकरी आणि अंबाडी, संध्याकाळी अंबाडी आणि भाकरी. धाकटा भाऊ आपल्या इवल्या भाकरीसाठी, दामटीसाठी, रडायला लागला की आक्का विचारायची, "आज घरानं काय खाल्लं रं?" तो हुंदके देत सांगायचा, "माझी दामटी." मग आम्ही सगळे हसायचो आणि त्यात तोही.

अव्वाच्या लुगड्याला दांड पडला. दोन जुनी लुगडी मधून फाडायची, धड भाग एकमेकांना जोडायचे, असं ते. त्या दांडाला पुन्हा दांड पडला. हिवाळाभर ती बायकांच्या घोळक्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायची, मजुरी आणायची. अंगठ्याचं नख काळं पडलेलं. अप्पा तट्टावर ओझं टाकून बेंबळीचा बाजार करायचे, इकडं माकणीपर्यंत जायचे, आणि बाजारातली भजी घरानं खाल्ली म्हणून उपाशी परतायचे. कधीकधी मला वाटतं, ते घर आमच्यापेक्षा गुटगुटीत झालं असावं.

पण एका मडक्याला अव्वा हात लावू द्यायची न्हाय. ते अय्याचं मडकं.

आमच्यात गुरूच्या मानाचे जंगम अय्या रोज सकाळी भिक्षेला येतात. घंटा वाजवायची, पुढच्या उंबऱ्याशी उभं राहायचं, घरच्या बाईनं मूठभर ज्वारी झोळीत घालायची. खोली गहाण पडली तेव्हा आमचे अय्या, म्हातारे, उंच, थोडे बहिरे, बोळाच्या तोंडाशी आले होते म्हणे. अव्वानं पदर डोळ्याला लावला. "अय्या, गोठ्याच्या फटीत तुमाला भिक्षा वाढू व्हय? माझं दार उघडलं की या. तुमचा वाटा मी ठेवते."

तेव्हापासून रोज, जात्यावर बसायच्या आधी, पहिली मूठ त्या मडक्यात. मडकं भरलं की रांजणात. एक रांजण भरला की दुसरा. राखेत घोळवून, कडुलिंबाचा पाला घालून. नवी ज्वारी आली की जुनी आम्ही खायची आणि अय्याच्या वाट्याला तेवढीच नवी. एका साली पिकलंच न्हाय, आम्ही तरवट्याची भाजी नुसती उकडून खाल्ली, तेव्हासुद्धा ती मूठ पडली. मी रागानं बघत होते. माझ्या पोटात कळ उठायची आणि रांजण भरायचा. अव्वाकडं बघून मला तेव्हा भ्या वाटायचं, खरं सांगते. एवढं कुणाच्यानं होतं?

माघात अव्वानं साठवलेले हाली रुपये अप्पांच्या कमरेला बांधले. अप्पा तालुक्याला गेले. परतले ते तट्टावर बसून न्हाय, लगाम धरून पायी. काम झालं न्हाय, हे बोळाच्या तोंडाशीच आम्हाला कळलं.

"बट्टा वाढलाय," अप्पा म्हणाले. "लढाईमुळं कलदार मिळंना. सराफ जास्तीचं मागतोय. सावकाराकडं गेलोच न्हाय."

 किती कमी पडतात ते अव्वानं विचारलंच न्हाय. आक्का आत जाऊन चुलीत फुंकर घालत बसली, चूल पेटलेली होती तरी.

थोड्या वेळानं अप्पांची नजर रांजणांवर गेली. "ज्वारी लई महाग झालीय बाजारात."

"ती आपली न्हाय."

"अगं, उसनी घेऊ. पुढं भरू."

"अय्याचं उसनं घेऊन दार उघडायचं, आन त्याच दारात त्यांच्यापुढं उभं राहायचं? कसं राहू मी?" अव्वाचा आवाज चढला. मग ती एकदम शांत झाली. "दार काय उघडत न्हाय आता. वैशाखाच्या आधी तर न्हाय. मग दुसऱ्याचं धान्य मी कशाला दाबून ठिवू? उद्या त्यांचं त्यांना देऊन टाकते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तट्टावर पोती लादली. बोळातून ती जाईनात, म्हणून आधी तट्टू बाहेर, मग पोती एकेक करून. मी अव्वाच्या मागं मागं मठात गेले. अय्या ओसरीवर लिंगपूजा आटोपून बसले होते. पोती बघून ते उठूनच उभे राहिले.

"हे काय गं माय? मठात लगीन काढलंस का?"

अव्वानं सगळं सांगितलं. त्यांना ऐकू कमी, म्हणून ओरडून सांगावं लागलं. आजूबाजूच्या आया-बाया गोळा झाल्या. रोजची मूठ, एवढ्या सालांची, नवी-जुनी बदलून ठेवलेली. अय्या ऐकत गेले आणि त्यांची मान हळूहळू खाली आली.

मग ते म्हणाले, "माय, मी ज्या दिवशी दारात आलो न्हाय, त्या दिवसाची भिक्षा कसली गं? भिक्षा उंबऱ्याशी उभं राहून घ्यायची असती. एका दारी एक मूठ. मी पोतं घेतलं तर मी जंगम का व्यापारी?"

"पण तुमचा वाटा..."

"आलोच न्हाय तर वाटा कसला? ही ज्वारी तुझीच हाय. पयल्या दिवसापासनं तुझीच हुती. मला इचारायचं तरी!"

 एका बाईला हसू आलं, तिनं तोंडावर पदर दाबला. आम्ही पोती घेऊन पुन्हा घरी. अप्पांनी ऐकलं आणि ते कपाळाला हात लावून खाली बसले. "उकडलेला तरवटा खाल्ला गं आमी! आधी इचारलं असतंस तर..."

"इचारलं असतं तर तुमी कवाच खाऊन बसला असता," अव्वा म्हणाली. "आन आज काय इकलं असतं?"

अप्पा उठले आणि पोती मोजायला लागले.  अव्वा चुकली होती, सगळ्यांदेखत चुकली होती. आणि त्या चुकीनंच पोती भरली होती. आठ वर्षांच्या पोरीनं याच्यावर काय म्हणायचं? मी नुसती अव्वाच्या काळ्या नखाकडं बघत राहिले.

ज्वारी विकली, बट्टा भरला, कलदार मोजले गेले. सावकारानं चार दिवसांत सरकी उचलली. मुदतीआधी फेडणारं गिऱ्हाईक त्याला नवं होतं म्हणे. त्याच्या गड्यानं मधलं दार उघडलं आणि तो निघून गेला. रिकामी खोली, सरकीचा उग्र वास, कोपऱ्यात उंदरांनी केलेली घरं. अप्पांनी पुढच्या दाराचा अडसर काढला. गंजला होता, दगड घालावा लागला.

दार उघडलं आणि माझी रेघ गेली. तिच्या जागी अख्खा रस्ता. ऊन खोलीतून सरळ आत आलं, मधल्या दारातून माजघरात, चुलीपर्यंत. आमच्या चुलीवर ऊन मी कधी पाहिलं नव्हतं. भाऊ त्या उन्हात जाऊन बसला आणि उठेना. अव्वानं उंबऱ्यावर पाणी शिंपडलं, विभूतीची बोटं ओढली. दुसऱ्या सकाळी घंटा वाजली. तिनं झोळीत एक मूठ घातली. एकच. तिला मागच्या सालांची म्हणून दुसरी मूठ भरून घ्यावीशी वाटत होती, मला तिचा हात दिसत होता, पण अय्यांनी झोळी मिटली.

वैशाखात आक्काचं लग्न झालं. गहू उसना आणून हुग्गी केली, बाकी गोडधोड काही न्हाय. पाठवणीची वेळ झाली. आक्का रडून रडून आंधळी झालेली, नव्या लुगड्यात अडखळत ती उठली आणि अव्वाच्या पाया पडून सरळ मागं निघाली. बोळाकडं. एवढ्या सालांची वाट ती.

सगळं वऱ्हाड पुढच्या ओट्यावर, आणि नवरी चुलीमागून गोठ्याच्या फटीत!

अव्वानं धावत जाऊन तिचे दोन्ही खांदे धरले आणि लहान लेकराला वळवावं तसं तिला वळवलं. "इकडनं, बाई. इकडनं."