रफूवाल्याच्या घरचं हॉट चॉकलेट

ओठ फाटलेल्या माणसाला संत्र्याचा रस घातलेलं हॉट चॉकलेट देऊ नये. रस जखमेला लागला की तो कप भिंतीवर भिरकावतो आणि भिंत मला पुसावी लागते. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण धड तोंडाचा पाहुणा आमच्याकडे क्वचितच यायचा.

घर माझ्या भावजींचं, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. दिवसा ते फळांच्या गोदामात माल निवडायचे आणि संध्याकाळी बॉक्सिंगच्या हॉलवर जायचे. लढायला नव्हे. दोन फेऱ्यांच्या मधल्या विश्रांतीत फुटलेली तोंडं बंद करायला. भुवई फाटली, नाक फुटलं की हे औषधात बुडवलेला कापसाचा बोळा घेऊन कोपऱ्यात चढायचे, बोळा जखमेत दाबून धरायचे, वर व्हॅसलीनचा थर द्यायचे, की गडी पुन्हा मार खायला तयार. हॉलवर त्यांना सगळे रफूवाला म्हणत. त्यांच्या कोपऱ्यातली एकही लढत कधी रक्तामुळे थांबली नव्हती, याचा त्यांना कोण अभिमान! मी म्हणायचे, "भावजी, कसाईसुद्धा एकदा कापलं की सोडून देतो. तुम्ही परत जोडून पाठवता." ते हसायचे. त्यांना ती तारीफ वाटायची.

ताई गेली तेव्हा त्यांची मुलगी नुकती पावलं टाकायला लागली होती. तिच्यासाठी मी आले आणि राहिले. लोकांना जे बोलायचं ते बोलले. एकीच्या अंगावर मी खरकट्या पाण्याची बादली ओतली, तेव्हापासून निदान माझ्या तोंडावर कोणी बोलेनासं झालं.

तर हॉट चॉकलेट. जबडा सुजला की चावता येत नाही, म्हणून भावजी हरलेल्यांना घरी घेऊन यायचे. गोदामातली डागी फळं भावजींना फुकटच मिळायची. नासपती सोलून, थोड्या पाण्यात साखर घालून शिजवायची आणि फडक्यातून गाळायची, कारण एक कण जरी टाक्यात अडकला तरी ओठ पिकतो. कोको आधी चमचाभर गार दुधात घोटायचा, मग मंद गॅसवर दुधात सोडायचा आणि चॉकलेटचे तुकडे विरघळेपर्यंत तळापासून ढवळत राहायचं. फळ घालायचं ते भांडं खाली उतरवल्यावरच. गॅसवर असताना चेरी किंवा आलुबुखार पडलं की दूध फाटलंच म्हणून समजा. शेवटी कोमट करून चमच्याने पाजायचं. कढत घोट लागला तर बंद केलेली जखम पुन्हा वाहते, आणि नळीने ओढलं तर टाका उसवतो. दाराएवढे बाप्ये आमच्या ओट्याशी बसून मुळुमुळु रडत चमचा चमचा प्यायचे. एकाने तर स्वतःचे पडलेले दोन दात बशीत काढून ठेवले आणि आणखी मागितलं.

पोरगी या सगळ्यात वाढली. तिला आम्ही बुटकी म्हणायचो. अंगाने आडवी, डोकं इतरांच्या खांद्याला लागेल एवढीच उंची. शाळेत एकीने ताईवरून काहीतरी वाकडं बोलल्यावर हिने तिचं नाक फोडलं. मला शाळेत बोलावलं, मी मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि घरी येऊन बघते तर भावजी तिला विचारताहेत, "डाव्याने मारलंस की उजव्याने?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पोरीच्या हातांना चटक लागली होती. समोरच्याच्या हाताखालून आत घुसायचं आणि बरगडीत ठोसे घालायचे, हा तिचा खाक्या. बघता बघता ती तिकिटं लावून होणाऱ्या लढतींत उतरली.

ज्या दिवशी त्यांनी हे मला सांगितलं, त्या दिवशी मी हातातलं भांडं भावजींना फेकून मारलं. कपाळाला खोक पडली. रक्त पुसत ते म्हणाले, "तू म्हणशील ते कबूल करतो." मी म्हटलं, "तिच्या डोळ्यात रक्त गेलं की लढत थांबवायची. कोचला तुम्ही स्वतः सांगायचं. ताईची शपथ घ्या." त्यांनी घेतली, बुटकीच्या समोर घेतली. बुटकी हसली. म्हणाली, "मावशी, तुला लाल रंगाचं फार वावडं गं." मला कशाचं वावडं होतं ते मलाच माहीत. त्या घरात रक्त थांबलं की सगळं ठीक आहे असं बापलेक धरून चालायचे, आणि मला त्या हिशेबाची भीती वाटायची.

लढतीच्या दुपारी मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसले. समोरची पोरगी उंच, हात लांबलचक. तिला सगळे खांब म्हणत होते. बुटकीने सुरुवातीला तिला चांगलीच चेचली. खांबाच्या बरगडीवर ठोसे पडत होते त्याचा आवाज मला खुर्चीत ऐकू येत होता. ती वाकली, तिच्या तोंडातून लाळ आणि रक्त एकदमच गळलं. लोक पिसाळल्यासारखे ओरडत होते. खोटं कशाला बोलू, मीही ओरडत होते. मग खांबाने कोपर वळवून एक असा काही ठोसा हाणला की बुटकीची डावी भुवई उसवली. रक्त डोळ्यात, गालावर, दातांवर. तिला काही दिसेना, आणि त्या आंधळ्या बाजूने खांबाने तिच्या कानशिलावर एकामागून एक घण घातले. घंटा वाजली तेव्हा बुटकी भलत्याच कोपऱ्याकडे चालू लागली. कोचने तिला ओढून आणून बसवलं.

"रफू, थांबवायचं का?" कोचने विचारलं.

मी उठून ओरडले, "भावजी, शपथ आहे!"

त्यांनी ऐकलं. माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा. बुटकी जाड झालेल्या जिभेने म्हणाली, "बंद करा, बाबा. जिंकतेय मी." ते तिच्यावर वाकले, बोळा जखमेत खुपसला, अंगठ्याने दाबला. मग मान वर करून कोचला म्हणाले, "बंद झालंय." त्यांच्या चेहऱ्यावर तेच नेहमीचं समाधान होतं.

पुढच्या फेरीत खांबाचा ठोसा हनुवटीखाली बसला. बुटकीचे पाय जागच्या जागी लुळे पडले आणि डोक्याची मागची बाजू रिंगच्या फळ्यांवर आपटली. भुवईतून मात्र एक थेंब आला नाही.

तिच्या डोक्यात रक्त साकळलं होतं. कवटी उघडून काढावं लागलं. पोरगी वाचली, आणि मी भावजींशी बोलणं टाकलं. ते दवाखान्याच्या पायरीवर बसून दिसेल त्याला सांगायचे, "मला फक्त जखम दिसत होती हो. तिचे डोळे मी बघितलेच नाहीत." मला ते पटायचंही. शिंप्याला फाटलेलं तेवढं दिसतं, अंगातला माणूस दिसत नाही, तसंच असेल म्हटलं. त्यावरच मी त्यांच्या घरात टिकून होते.

बुटकी घरी आली. डोकं भादरलेलं, चालताना मध्येच तोल जायचा. एका सकाळी भावजींनी तिच्यासाठी चेरीचं हॉट चॉकलेट करायला घेतलं. मी मागे कपडे वाळत घालत होते. जळका वास आला म्हणून धावत आत गेले, तर स्वयंपाकघर धुराने भरलेलं. दूध तळाला लागून कोळसा झालं होतं. भावजी ढवळायचं विसरून पोरीच्या डोक्यावरच्या टाक्यांकडे बघत बसले असणार. आणि बुटकी टेबलाशी बसून तेच पीत होती.

"मस्त झालंय, बाबा. अजून आहे?"

भावजींनी भांडं उचललं आणि तिच्या कपात आणखी ओतलं. पोरीला काय झालंय ते त्यांना कळलं होतं. मी कप हिसकावून घेतला.

"अगं, करपलंय ते! घरभर जळका वास सुटलाय, तुला येत नाही?"

ती आधी हसली. मग कप माझ्याकडून घेऊन तिने त्यात नाक घातलं. मग फुटकी चेरी हुंगली. मग माझा साबणाचा ओला हात. मग उठून तिने भावजींची कॉलर धरली, त्यांना खाली ओढलं आणि त्यांच्या मानेत नाक खुपसून उभी राहिली. लहानपणी ती तिथेच तोंड लपवून झोपायची.

"काहीच नाही," ती म्हणाली. "कशालाच वास नाही." कॉलर तिने सोडली नाही. "बाबा, त्या दिवशी कोपऱ्यात माझे डोळे बघितले होते तुम्ही?"

आत्तापर्यंत जे सगळ्यांना सांगितलं तेच त्यांनी सांगायचं होतं. माझी खात्री होती की तेच सांगतील.

"बघितले होते," ते म्हणाले. "नजर ठरत नव्हती तुझी. मी डोळ्यांसमोर बोट धरलं, तू दुसरीकडेच बघत होतीस."

"मग?"

"पण रक्त थांबत होतं गं. माझ्या अंगठ्याखाली थांबत होतं."

तिने त्यांना मारलं. आखूड, खालून, बरगडीत. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. मग तोंडावर, आणि पुन्हा तोंडावर. मी मध्ये पडले नाही, पडायची इच्छाही नव्हती. त्यांनी हात वर केला नाही. ओट्याला घासत ते खाली बसले, दात लाल झाले, आणि ती वाकून मारतच राहिली. नुसती धापा टाकत होती.

मग तिचा तोल गेला. तोंडातून रक्त गळत असतानाच भावजी झटक्यात उठले आणि त्यांनी तिला दोन्ही हातांनी सावरलं.

तिने ते हात झटकून टाकले, टेबलाची कड पकडली आणि माझ्याकडे हात केला.

"मावशी, तू धर."

मी धरलं.