कच्च्या टाक्यांचा गेम

माझं शिक्षण चौथी. पण मंगळवार पेठेत चाळीस वर्षं शिलाईचं दुकान चालवलं आणि एक विद्या पक्की शिकलो. गिऱ्हाईक कापड देऊन वळलं की पहिलं ते कापून टाकायचं. शिवायचं कधी ते नंतर बघू. कापलेलं कापड कोण परत मागत नाही. मग "मंगळवारी या", मग "पुढच्या मंगळवारी या". नवरदेवाचा कोट मी वरात निघायच्या वेळी दिलाय. बायको म्हणायची, "तुमच्या तोंडात नुसत्या तारखा हायत."

ती जाऊन आता दोन वर्षं होतील.

आमच्या माडीवर आजऱ्याची एक मुलगी भाड्यानं राहते. कॉम्प्युटरवरचा गेम बनवते. आधी इंटरनेटवर थोडा नमुना दाखवायचा, लोकांनी आगाऊ पैसे भरायचे, त्यावर गेम पुरा करून सगळ्यांना द्यायचा, असं ते काम. गेम खेळणारा दूधवाला होऊन पेठेतल्या घरांत दूध घालत हिंडतो. त्यातल्या एका म्हातारीला आवाज पाहिजे होता. मुलगी बायकोला म्हणाली, "काकू, मला रोज ओरडता तस्संच ओरडायचं."

आवाज घुमू नये म्हणून दोघी दुकानात कापडाच्या गठ्ठ्यांत बसल्या. मला बाहेर हाकललं. आतून नुसतं हसणं. काय बोललीस म्हणून विचारलं तर बायको म्हणाली, "दिवाळीला गेम येणार हाय. तवाच ऐका."

दिवाळीला आला नाही. गुढीपाडव्याला येणार होता, आला नाही. त्याच उन्हाळ्यात बायको गेली. पुढची दिवाळीही तशीच गेली.

घरात तिचे फोटो हायत. आवाज कुठंच नाही. एका घरात राहणारी माणसं आम्ही, मोबाईलवर आवाज भरून कशाला पाठवतोय? वर्षश्राद्ध तोंडावर आलं तसं मला दम निघेना. एक दिवस तरातरा जिना चढलो आणि थेट त्या मुलीच्या खोलीत घुसलो.

"काय गं, लोकांचे पैसे खाऊन गप बसलीस व्हय?"

तिनं कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला. लोकांनी लिहिलेलं होतं. चोर. फसवी. पैसे परत दे.

"काका, रांग मोठी आहे. तुम्ही शेवटी थांबा."

मग म्हणाली, चित्रं काढणारा नोकरी लागली म्हणून अर्ध्यात सोडून गेला. गोळा झालेलं त्याच्या पगारात संपलं. आता ती दिवसा ऑफिसात जाते आणि उरल्या वेळात एकटीच गेम करते.

"मग दिवाळी कशाला म्हणालीस?"

"तेव्हा मला खरंच वाटलं होतं, काका."

मंगळवार म्हणताना मलाही दर खेपेला खरंच वाटायचं.

"काकूचा आवाज तरी ऐकवायचास की."

"अर्धवट कसं ऐकवू? भिंतींना रंग नाही, काकूंना तोंड नाही. पुरं झाल्यावरच तुम्हाला बोलावणार होते."

"खुळी हाईस. कोट पुरा व्हायच्या आधी गिऱ्हाइकाला ट्रायलला बोलवत्यात. बाही नसती, कच्चे टाके दिसत असत्यात. पण एकदा अंगावर घातला की गिऱ्हाईक आठ दिवस गप बसतंय. तुझी ट्रायल कुठाय?"

तिनं गेम लावला. राखाडी भिंती, दार नाही. उंबऱ्यात एक राखाडी ठोकळा उभा. तीच काकू, म्हणाली. दूधवाल्याला मी आत नेलं आणि ठोकळा ओरडला:

"आरं ए, पायताण भाईर काढ की! आत्ताच पुसलंय नव्हं? आमच्या ह्यांच्यासारखाच हाईस बघ!"

मी खाली बघितलं. रागाच्या भरात पायताणासकट आत आलो होतो. उठलो, जिन्यात काढून ठेवलं, परत येऊन बसलो.

"परत लाव," म्हणालो.

तेवढा तुकडा तिनं दुसऱ्या दिवशी लोकांना पाठवला. काय झालं ते खरं लिहिलं, तारीख घातली नाही. काहींनी तरीही शिव्या दिल्या. काहींनी विचारलं, ही म्हातारी कोण?

गेम अजून झालेला नाही. रविवारी मी वर जातो, पायताण जिन्यात काढून. कधी होणार ते विचारत नाही. ठोकळ्याला आता तोंड आलंय, पण नाक जमलेलं नाही. तिचं जरा बसकं होतं. मी सांगतो, मुलगी पुसते आणि पुन्हा काढते.