पडद्यापलीकडून मोजणारे

बाळांनो, तुमच्याकडे यायचं तर विमानात बसता यायला हवं, म्हणून मी कंबरदुखीसाठी साताऱ्यात फिजिओथेरपीला जात होते. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त फौजी असायचे. मध्ये हिरवा पडदा होता, त्यामुळे मला फक्त त्यांचा आवाज माहीत होता. मी पाठीवर झोपून कंबर उचलू लागले की ते मोजायचे. मी दहाऐवजी आठवर थांबले की ते लगेच म्हणायचे, "आवं बाई, दोन ऱ्हायलं की! रेशन हाय व्हय, कमी करायला?"

"तुम्हाला दिसतं कसं?" मी एकदा विचारलं.

"दिसत न्हाई. दम ऐकू येतो. घरी भिंती मोजत न्हाईत, म्हून तर हितं यायचं."

शेवटच्या दिवशी वाऱ्यानं पडदा सरकला. ते डोळे मिटून निश्चल पडले होते. ओठ तेवढे माझे आकडे मोजत होते.

आता मी घरीच व्यायाम करते. काल कंटाळून आठवर थांबले. घरात मी एकटीच होते, आणि माझ्या खाटेशेजारच्या भिंतीपलीकडे नुसती बाग आहे. तरी तिथं कुणीतरी दम रोखून थांबलंय, असं वाटलं.

मी मुकाट्यानं कंबर आणखी दोनदा उचलली. तेव्हा कुठे पलीकडे कुणीतरी श्वास सोडला.